बालसंगोपनची फाईल कोयता निघायच्या आत पूर्ण करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोळा झाला, आता आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची गडबड सुरू होईल, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे तर कधीच घेऊन झालेत, म्हणून आत्ताच लिहितोय कारण एकदा दसरा-दिवाळीला कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, कारखान्यावर गेला की मार्च-एप्रिलपर्यंत ह्या घरांची सगळी कामं तशीच पडून राहतात.

विषय बालसंगोपन योजनेचा आहे. आई किंवा बाप वारलेला, घटस्फोट झालेला, नाहीतर घरात मोठं आजारपण, अशा लेकरांना 18 वर्षांपर्यंत महिन्याला 2,250 रुपये मिळतात, म्हणजे लेकरू अनाथाश्रमात न जाता घरीच वाढावं. योजना खरंच चांगली आहे, ज्यांना चालू झाली त्यांच्या घरात फरक पडलेला मी बघितलाय.

पण आमच्या वस्तीवर एक आजी आहे, मुलगा वारला, सून दीर-जावेच्या टोळीसोबत ऊस तोडायला जाते आणि दोन नातवंडं आजीजवळ. आजीच्या पिशवीत सगळं आहे, मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, अगदी लेकरांना घरासमोर उभं करून काढलेला फोटो पण. अडलं कुठं तर बँकेत! खातं लेकराचं आणि आईचं जॉइंट, केवायसीला आईचा अंगठा पाहिजे आणि आई तेव्हा तिकडं कोल्हापूरकडं उसाच्या फडात. गृहभेटीला माणूस आला तर घराला कुलूप, आजी शेळ्या घेऊन रानात गेलेली. त्याच्यानंतर बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, ती समिती बसते जिल्ह्याला, म्हणजे लेकरं घेऊन बीडला जायचं, एसटीचं भाडं घालायचं आणि शाळा पण बुडवायची. ह्यात कुण्या एका साहेबाला दोष देत नाही, पण ऑफिसचं वर्ष आणि उसाचं वर्ष जुळत नाही हे कुणीतरी लक्षात घ्यायला पाहिजे ना.

आणि मदत नाही आली की पुढं काय होतं ते आपल्या भागात सगळ्यांना माहितीय. पोरगी आठवी-नववीला आली की म्हातारीला एकटीला सांभाळायची धास्ती वाटते, मग कुणीतरी स्थळ आणतं आणि लग्न उरकून टाकतात. तेव्हा 1098 ला, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या चाइल्डलाइन नंबरला, फोन जातो, ग्रामसेवक, पोलीस सगळे मांडवात येतात, ते यायलाच पाहिजेत, पण त्या घराला आधीच महिन्याचा आधार असता तर ही वेळ किती घरांवर आली नसती!

माझी मागणी एवढीच की पोळा ते दसरा ह्या दिवसांत प्रत्येक तालुक्याला एक कॅम्प घ्या, तहसीलचा माणूस, बँकेचा माणूस आणि समिती एकाच ठिकाणी, आई गावात असतानाच अंगठा, गृहभेट, आदेश सगळं उरकून घ्या. कोणत्या घरात असं लेकरू आहे हे अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना तोंडपाठ असतं, त्यांना विचारा. धारूर, वडवणी, केज, पाटोदा इथून तरी ह्याच वर्षी सुरुवात करा, टोळ्या अजून गावातच आहेत.

आपला,
एक वाचक, ता. धारूर, जि. बीड