दोष खंजिरीचा नव्हे, पेटीचा

महोदय,

जुनी युरोपीय तंतुवाद्ये आणि गावातले खंजिरी भजन यांच्या एकत्रित मैफलीवरील आपले वृत्त वाचले. सूर न जुळल्याचे खापर त्यात भजनकऱ्यांवर फोडले आहे, ते मान्य नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी जी खंजिरी घेऊन गावोगाव जागे केले, तिच्या माथी हा दोष मारणे जिव्हारी लागते.

अडचण पेटीची (हार्मोनियमची) आहे. आतड्याच्या तारांची ही वाद्ये लावताना ‘ए’ हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्झवर (सेकंदाला ४१५ कंपने) धरतात, पेटीचा तोच स्वर साधारण ४४० वर असतो. म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक. तंतुवाद्यवाल्यांनी ‘डी’ स्वर षड्ज धरला आणि पेटीवाल्याने काळी एक (पहिली काळी पट्टी), तर षड्ज जुळतो. गंधार मात्र खुपतोच. पेटीचा गंधार षड्जाशी नेमक्या जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), त्यामुळे लांबवलेल्या स्वरात थरथर ऐकू येते.

पेटी बाजूला ठेवून एकतारी घ्यावी, ती त्यांच्या षड्जावर लावावी. पावसाळी हवेत खंजिरीचे चामडे सैल पडते, ते आधी शेकून घ्यावे. तारांची वाद्ये मात्र त्या आगीपासून लांबच ठेवावीत.

— एक वाचक, ता. तिवसा, जि. अमरावती