जोर कधी लावायचा नाही, हे शिकवणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. तीन वेळा असं झाल्यावर शेवटी हे जाहीर पत्र लिहायला बसले. जाहीर लिहिण्याला आणखी एक कारण आहे. दर रविवारी पहाटे सायकलवर धायरीहून खडकवासल्याकडे निघालेल्यांत मला दोन वर्षांपूर्वीची मी दिसते. मान खाली, दात आवळलेले, रस्त्यावरच्या प्रत्येकाला मागे टाकायची घाई. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं फार वाटतं.

मागच्या महिन्यात माझी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, वेळेत पूर्ण झाली. मुदत साडेतेरा तासांची असते, मला १२ तास ३५ मिनिटं लागली. ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतो हे मला ठाऊक आहे. पण आदल्या वर्षी त्याच रस्त्यावर परतताना शिरवळच्या पुढे मी झाडाखाली बसून रडले होते आणि टेम्पोत सायकल टाकून घरी आले होते. त्यामुळे माझ्यासाठी ब्रेव्हे पूर्ण केल्याचं ते कार्ड फार मोठं आहे.

तुमच्या सायकलच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ते मागच्या चाकाची तार तुटली म्हणून. तुम्ही चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होता, बोटाने रिम हलकेच फिरवत, कान चाकाकडे लावून. माझ्याकडे न बघताच विचारलंत, "गुडघा पुढून दुखतो का मागून?" गुडघा दुखतो असं मी बोललेच नव्हते! दुकानाची पायरी चढताना माझा हात गुडघ्यावर गेला होता, तेवढं तुम्ही पाहिलं होतंत.

"पुढून," मी म्हटलं.

"मग सीट खाली आहे."

मला दाराच्या चौकटीला धरून सायकलवर बसवलंत. पेडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवायला सांगितलीत. माझा पाय चांगलाच वाकलेला होता. टाच पेडलवर असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो, हे तेव्हा कळलं. गुडघा मागून दुखत असता तर बहुतेक सीट जास्त वर असती, हेही सांगितलंत. सीट बोटभर वर घ्यायची होती, पण तुम्ही निम्मीच घेतलीत आणि दांडीवर काळ्या टेपची खूण केलीत. "उरलेली पुढच्या आठवड्यात. एकदम बदललं की गुडघा बावचळतो." पैसे घेतलेत ते फक्त तारेचे.

मग विचारलंत, आठवड्यात काय काय करता? मी अभिमानाने सांगितलं की पाच दिवस सायकल, आणि पाचही दिवस जीव तोडून. ज्या ग्रुपबरोबर मी तेव्हा जायचे तिथे हीच रीत होती. मागे पडलेल्यासाठी कुणी थांबत नसे, आणि दमून घरी येणं म्हणजेच सराव अशी सगळ्यांची समजूत. तुम्ही चाक जागेवर बसवलंत आणि म्हणालात, "रोजच परीक्षा देताय. अभ्यास कधी करता?"

पुढच्या शनिवारी आपण वारज्याहून उत्तमनगर, कोंढवे-धावडे करत कुडज्याच्या रस्त्याला गेलो. तुम्ही पासष्टीचे, तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढलेले, तुमची ती जुनी लोखंडी सायकल. मला वाटलं होतं आज माझी धांदल उडणार. आणि तुम्ही मला तेराचा पाढा म्हणायला लावलात! मोठ्याने, न थांबता. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर" पर्यंत ठीक होतं. पुढे छोटासा चढ आला, मी नेहमीसारखा जोर लावला आणि "तेरा साते" वरच धाप लागली. "पाढा मोडला," तुम्ही म्हणालात. "गिअर हलका करा. पाढा म्हणता येतो तेवढाच आजचा वेग." त्या दिवशी दोन तासांत मी पाच वेळा पाढा मोडला. शाळेतली पोरं आपल्याला ओलांडून गेली. मला लाज वाटत होती आणि तुम्ही रस्त्याकडेच्या शेतातली वांगी दाखवत होता.

मी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, कारण कळल्याशिवाय मला गोष्ट पटत नाही. म्हणून घरी येऊन वाचत बसले. हलक्या, लांब सरावात स्नायूंमधल्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, वाढतात, पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शरीर चरबीवर चालायला शिकतं आणि साखरेचा मर्यादित साठा पुरवून वापरतं. रोज मध्यम जोरात गेलं की हे होण्याआधीच थकवा साठतो, आणि ज्या दिवशी खरा जोर लावायचा त्या दिवशी पायात तो उरलेलाच नसतो. माझं नेमकं हेच होत होतं, ना धड हळू, ना धड जोरात. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलकी निघाली. तुम्ही हे कुठेही वाचलेलं नाही. तुम्ही मला आठवड्याला चार फेऱ्या आखून दिल्या होत्या, त्यातली जोराची एकच.

पण त्या एका दिवशी तुम्ही सूट दिली नाहीत. मंगळवारी बोपदेव घाटात आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये तीन-चार मिनिटं अगदी संथ. चौथा तुकडा पहिल्याइतकाच झाला पाहिजे, नाहीतर पहिल्यात उधळपट्टी झाली असं समजायचं. सोबत आठवड्यातून दोनदा बैठका. सायकलवर अंगाचा भार सीट घेते, हाडांना काम पडत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे विसरू नये, असं तुम्ही ज्या मोकळेपणाने सांगितलंत ते मला घरच्या माणसांनीही कधी सांगितलं नव्हतं.

आता जे लिहायचं त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

तुम्ही मला दोनशे पानी वही करायला लावली होतीत. पहाटे उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडीचे ठोके मोजून लिहायचे. शेजारी झोपेचे तास, किलोमीटर, आणि पाय कसे वाटतात ते एका शब्दात. तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवायचं, ९० किलोमीटर, १००, ११०, आणि चौथ्या आठवड्यात एकदम ६० वर आणायचं. "शरीर वाढतं ते झोपेत. सायकलवर ते फक्त मोडतं," हे तुमचं वाक्य मी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. रात्रपाळीनंतरच्या दिवशी जोराचा सराव बंद. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असली तर हलकी फेरी नाहीतर सुट्टी.

चार महिन्यांनी तुम्ही चष्मा लावून ती वही चाळलीत. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग एका पानावर बोट ठेवलंत. "ताई, हलक्या आठवड्यातही आकडा खाली येत नाहीये. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, त्र्याहत्तर. विश्रांतीने उतरत नाही तो थकवा सायकलचा नसतो. डॉक्टरांना दाखवा."

मी रोज शंभरेक माणसांचं रक्त तपासते, स्वतःचं दोन वर्षांत तपासलं नव्हतं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. बाईचं कमीत कमी १२ तरी हवं. स्नायूंना प्राणवायू पोचवणारंच कमी, तिथे घाटात कितीही जोर लावून काय होणार होतं? डॉक्टरांनी कारण शोधलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या तीन महिन्यांत तुम्ही मला एकही घाट चढू दिला नाहीत. मी हट्ट केला तेव्हा जरा रागावलात सुद्धा. तीन महिन्यांनी आकडा १२.३ झाला आणि पहाटेची नाडी ६० च्या आत आली. सिंहगडाला गोळेवाडीपासून वर जायला मला आधी ८२ मिनिटं लागायची, त्या पावसाळ्यानंतर ६६ लागली. मी हे तुम्हाला ओरडून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ते डॉक्टरांचं काम, माझं काय त्यात! काका, डॉक्टरांकडे पाठवलं कुणी?

घड्याळाचंही सांगायला हवं. माझ्या मनगटावरचं घड्याळ २२० वजा वय करून माझी कमाल नाडी १७७ धरायचं, आणि सिंहगडाच्या शेवटच्या वळणावर तीच १८८ दाखवायचं. म्हणजे हलक्या-जोराच्या सरावासाठी त्याने आखलेल्या नाडीच्या सगळ्या पट्ट्या चुकीच्या. ते सूत्र पुष्कळ माणसांची सरासरी आहे, एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. तुमचा तेराचा पाढा चुकला नाही.

खाण्याबद्दल तुमचा नियम साधा होता: भूक लागायच्या आधी खायचं. जोरात चालवलं तर अंगातला साखरेचा साठा दीड-दोन तासांत आटत येतो, मग डोकं गरगरतं आणि पाय दुसऱ्याचे वाटतात. शिरवळच्या पुढे मी बसले होते ती त्याचमुळे. आता लांबच्या फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं जातील असं बघते. एक केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, बाकी खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, बाटलीत लिंबू-साखर-मीठ. जे ब्रेव्हेच्या दिवशी खायचं तेच सरावात खाऊन पाहायचं, हेही तुमचंच.

ब्रेव्हेआधीचे शेवटचे दहा दिवस तुम्ही अंतर निम्म्यावर आणलंत, पण मंगळवारचे दोन जोराचे तुकडे ठेवलेत. मला धास्ती होती की कमावलेलं सगळं निसटेल. ब्रेव्हेच्या दिवशी खंबाटकी घाट चढताना पंधरा-वीस जण मला ओलांडून गेले आणि मी पाढा म्हणत राहिले. त्यातले सहा-सात जण मला परतीच्या वाटेवर खेड शिवापूरला भेटले, टपरीवर पाय पसरून बसलेले. संध्याकाळी कात्रजच्या जुन्या घाटात माझ्या पायांत अजून जोर होता. बोगद्यातून बाहेर पडले, खाली पुण्याचे दिवे लागलेले दिसले, आणि मी एकटीच मोठ्याने हसले.

तुम्हाला फोन केला. अभिनंदन करायच्या आधी तुम्ही विचारलंत, "शेवटचं कधी खाल्लं होतं?" आणि मग, "आठवडाभर सायकलला हात लावायचा नाही."

लावला नाही.

येत्या रविवारी आमच्या लॅबमधल्या एका मुलीला तुमच्याकडे घेऊन येतेय. नवी सायकल आहे, उत्साह भरपूर आहे आणि तिचा गुडघा पुढून दुखतो. सीट मला खाली वाटते, पण मी हात लावलेला नाही, आधी तुम्ही बघा. पिठलं-भाकरी मी घरून आणणार आहे. चहा तुमचा.

तुमची,
वारज्याची ताई