आबांस पत्र : गणेशच्या बोटाची भरपाई

हॅम्बुर्ग, रविवार

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मानवतच्या जिनिंगमध्ये गणेशच्या उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरे गेली, हे आपल्या फोनवरून कळल्यापासून जिवाला चैन नाही. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, वर पंधरा हजार रुपये दिले आणि आता ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर त्याची सही मागितली आहे. ताईच्या लग्नात त्यांनीच उचल दिली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणणे आपल्याला किती जड जात असेल, याची मला जाणीव आहे. तरीही हात जोडून सांगतो, ती सही होऊ देऊ नये.

गेल्या हिवाळ्यात गोदामात खोकी उतरवताना माझे मनगट मोडले, तेव्हा फोरमनने किती वाजता, कोणत्या जागी आणि जवळ कोण होते, एवढेच विचारून लिहून घेतले; चूक कोणाची, हा प्रश्नच निघाला नाही. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळाला आणि पुढे अपघात विम्यातून ढोबळ पगाराच्या ऐंशी टक्क्यांच्या हिशेबाने पैसे येत राहिले. या विम्याचा हप्ता 1884 च्या कायद्यापासून इथे मालकच भरतो, कामगाराच्या पगारातून काहीही कापले जात नाही.

आपल्याकडेही असा हक्क आहे. 1923 चा भरपाई कायदा आणि त्याची जागा घेणारी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता, दोन्हींनुसार त्या बोटाची दोन पेरे गेल्यास कमाईची क्षमता 11 टक्के घटली असे धरतात. गणेशचे वय 22 आणि पगार बारा हजार. पगाराच्या 60 टक्के म्हणजे 7,200 रुपये, त्याला या वयाच्या 221.37 या गुणकाने गुणले की 15,93,864 रुपये होतात आणि त्याचे 11 टक्के म्हणजे सुमारे 1,75,000 रुपये. हा आकडा मी तीनदा करून पाहिला. रक्कम देय झाल्यावर महिनाभरात दिली नाही, तर बारा टक्के व्याजही लागते. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातलच ठरतो, पण एकदा कागद लिहून दिला की पुढे तो खोडून काढण्यात माणूस दमतो.

‘पोराचेच लक्ष नव्हते’ असे मालक म्हणतात, पण साध्या दुर्लक्षाने भरपाई जात नाही. नशेत असणे किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, असे काही सिद्ध झाले तरच अडचण येते, आणि गणेश तर सुपारीसुद्धा खात नाही.

मात्र त्याच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर मालकाकडे नव्हे, विमा महामंडळाकडे अर्ज करावा लागतो. म्हणून आधी पगाराची चिठ्ठी पाहावी. नेमणूकपत्र नाही म्हणून घाबरू नये. मुकादमाच्या हजेरी वहीतील त्याच्या नावाच्या पानांचे फोटो आजच काढून ठेवावेत, दवाखान्याची सर्व कागदपत्रे जपावीत, आणि सोबत असलेल्या दोन कामगारांची नावे लिहून घ्यावीत. मालकाला अपघाताची लेखी सूचना स्पीड पोस्टाने पाठवून, परभणीच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे. सूचनेचा मजकूर मी लिहून पाठवतो.

ताईच्या लग्नाची उचल आपण फेडली आहे, आबा. हे पैसे त्या हिशेबात येत नाहीत.

गणेशचे टाके कधी निघणार, ते कळवावे.

आपला आज्ञाधारक,
विठ्ठल