तुझ्या खोलीची किल्ली

कोथरूड, पुणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

वाकडहून निघाले तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे. फोनवर बोलले असते तर तू मध्येच ठेवला असतास.

भर मे महिन्यात जावई घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून होते. भांडी घासायला उभे राहिले तेव्हा त्यांनी बाह्या सारल्या. मी मागे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे, काही सुकलेले, काही ओले. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. म्हणाले, "बसमध्ये चेंगरला." ते तर स्कूटरवर जातात गं.

आधी एक खरं सांग. ते तुझ्यावर हात उचलतात का? उचलत असतील तर आज रात्रीच निघून ये, बाकीचं मग बघू. पण मी पाहिलं ते असं: तू पाणी आणायला उठलीस आणि ते अंग चोरून बसले.

तू लहान असताना दूध सांडलं तरी माझ्या हातात लाटणं यायचं. सासरचा राग, पैशांची ओढाताण, सगळं तुझ्या पाठीवर निघायचं. संध्याकाळी तुला कुशीत घेऊन मी रडायचे आणि मला वाटायचं, फिटलं. तू आता तेच करतेस. आधी मार, मग रडणं, मग त्यांच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी. घराचे हप्ते, अपुरी झोप, ते गप्प बसले की तुझा उडणारा थरकाप, सगळं मला कळतं. कळतं म्हणून मी ते चालवून घेणार नाही.

"४९८ अ लावीन" असं तू त्यांना म्हणालीस, तेही मी ऐकलं. सासरी होणाऱ्या छळाचं ते कलम १९८३ साली आलं ते हुंड्यासाठी छळल्या जाणाऱ्या पोरींसाठी; २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ८५ वं झालं, तरी लोक जुनाच आकडा म्हणतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही बायकांसाठी आहे आणि तो हवाच, कारण मार खाणाऱ्यांत बायकाच फार. त्याची धमकी करू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना हेही विचारतात, की नवरा मारत नसताना तुम्ही कधी त्याला मारलंत का? हो म्हणणाऱ्या थोड्या असतात. त्या थोड्यांत माझी लेक आहे, हे लिहिताना हात थांबतो.

नवऱ्याला दुखापत करणं हाही गुन्हाच. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेवरून घटस्फोट नवराही मागू शकतो. ते जाणार नाहीत. "बायकोचा मार खातो" म्हणून लोक हसतील, याची त्यांना लाज वाटते. त्या लाजेवर तुझं निभावतं आहे.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आजच लाव. समुपदेशकाकडे मी सोबत येईन, आणि लाटण्याचं मीच आधी सांगेन.

आणखी एक. इथल्या तुझ्या खोलीची किल्ली मी जावयांना दिली आहे. ते कधीही येतील, कितीही दिवस राहतील. तेव्हा त्यांना न्यायला येऊ नकोस, मला फोन कर.

तुझी,
आई