रात्रपाळीला नातेवाइकांशी बोलणारे माणूस नेमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात डॉक्टरला मारहाण, काचा फोडल्या, नातेवाइकांवर गुन्हा दाखल, ही बातमी आपल्या अंकात अधूनमधून येतच असते. पाठोपाठ ठरलेली मागणीही येते : सुरक्षारक्षक वाढवा, कायदा कडक करा. मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात मी परिसेविका (मुख्य परिचारिका) होते आणि नोकरीची बरीचशी वर्षे तिथेच गेली. मार खाल्लेले डॉक्टर मी पाहिले आणि मारणारेही पाहिले. त्यामुळे ही मागणी मला अपुरी वाटते.

कायदा राज्यात २०१० पासून आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. हे सगळे लिहिलेला फलक आमच्या दारावरच होता. पण आपले माणूस आत तडफडत असताना फलक कोण वाचतो? पुढे मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला होता आणि तिथे मेंदूचे शल्यचिकित्सक नसल्याने दुसरीकडे न्या, असे त्या डॉक्टरने सांगितले होते. शल्यचिकित्सक नव्हता याची शिक्षा त्या पोराला मिळाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, वैद्यकीय महाविद्यालयांत महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आले. जवान हवेतच, त्यांच्यामुळे बायकांना रात्रपाळीत धीर येतो. पण हाणामारी सुरू झाल्यावर जवान धावतो. ती सुरू होण्याआधीचा तास कोणाच्याच कामात मोजलेला नाही.

तो तास कसा असतो ते सांगते. पावसाळ्यातली रात्र होती. जमिनीवर झोपलेल्या एका तरुण शेतमजुराला मण्यार चावला होता. मण्यारचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पोटात दुखते म्हणून घरच्यांनी ओवा दिला. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून आमच्याकडे. सापाच्या विषावरची लस सुरू केली तोवर श्वास बसत चालला होता. नळी टाकली, पण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, म्हणून डॉक्टर हाताने श्वास देण्याची पिशवी, अम्बू बॅग, दाबत राहिले. त्याच वेळी मोटारसायकलच्या अपघातातले दोघे बाजूच्या टेबलांवर होते. डॉक्टर एकच.

बंद दाराबाहेर त्याची बायको, वडील, भाऊ आणि गावातली माणसे. एवढ्या वेळात त्यांच्यापर्यंत दोनच गोष्टी पोहोचल्या. वॉर्डबॉय मामांनी नेऊन दिलेली चिठ्ठी, हे औषध बाहेरून आणा. आणि एक कागद, इथे सही करा. वडिलांनी विचारले, सही कशाची? सांगायला कोणी थांबले नाही, कारण थांबण्याइतके माणूसच नव्हते. पोरगा गेल्याचे कळले तेव्हा भावाने सलाईनचा स्टँड उचलला. डॉक्टरांच्या कपाळाला टाके पडले, ते त्याच खोलीत घातले. पोलीस येईपर्यंत तो भाऊ बाकावर बसून होता. मला म्हणाला, "आत काय चाललंय एवढं तरी सांगायचं होतं ना, सिस्टर." त्याचा गुन्हा गुन्हाच होता आणि त्याच्यावर कारवाई झाली ते योग्यच झाले. त्याने विचारलेलेही खरे होते.

वेगळी जात आहे ती फोन करून बोलावलेल्यांची. दहा-बारा गाड्या येतात, रुग्णाचे नावही माहीत नसते, एक जण मोबाइल धरून उभा राहतो आणि दुसरा डॉक्टरची कॉलर धरतो. यांना माझ्याकडे क्षमा नाही. पण अशा प्रकरणांत दोन दिवसांत कोणी तरी वजनदार माणूस "मिटवून घ्या" म्हणत येतो आणि तक्रार ढिली पडते. वरचेच लोक काय शिकवतात तेही पाहा. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. खरे प्रश्न औषधांचे, माणसांचे, दूरवरून येणाऱ्या गर्दीचे होते. तिथे आलेल्या एका खासदारांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना (डीनना) शौचालय साफ करायला लावले आणि ते साऱ्या राज्याने पाहिले.

कोरोनातही तेच. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या आणि २२ एप्रिलला आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले थांबवण्यासाठी केंद्राला वटहुकूम काढावा लागला, त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा.

या मारहाणीची किंमत मारणारा देत नाही. ती पुढच्या रुग्णाला द्यावी लागते. एकदा मार बसलेला डॉक्टर नाजूक केस हातात घ्यायला कचरतो. "इथे सोय नाही, पुढे न्या" हे वाक्य सुरक्षित असते, कागदावर चूक काढता येत नाही. मग डोके फुटलेला, झटका आलेला, रक्तस्राव न थांबणारी बाळंतीण असे रुग्ण १०८ च्या गाडीत आणखी शंभर-दीडशे किलोमीटर जातात. त्यातले काही इथेच वाचले असते. मुलीला परिचारिका करू का, असे विचारणाऱ्या आयाही आता आधी विचारतात, रात्रपाळी असते का हो?

शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) नावाचे पद आहे. नातेवाइकांशी बोलण्याचे काम त्यांचेच. पण जिथे पद भरलेले आहे तिथेही बहुतेक अधीक्षक दिवसा असतात, योजनांची कागदपत्रे आणि बेवारस रुग्ण यांतच बुडालेले. अपघात विभागात तिन्ही पाळ्यांना एक माणूस फक्त नातेवाइकांसाठी द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर येऊन आत काय चालले आहे ते त्यांच्या भाषेत सांगायचे, सही कशाची ते समजवायचे, घरातल्या एकाला आत नेऊन दाखवायचे आणि मृत्यू झाला तर उभ्या उभ्या न सांगता बसवून सांगायचे.

नवी पदे मंजूर व्हायला वेळ लागेल, हे मला माहीत आहे. तोवर निवृत्त परिचारिकांना बोलवा. आम्हाला विभाग माहीत आहे, माणसे माहीत आहेत आणि मृत्यूची बातमी कशी द्यायची तेही ठाऊक आहे. आठवड्यातल्या दोन रात्री मी स्वतः विनामानधन यायला तयार आहे. माझ्या ओळखीच्या आणखी काही जणी येतील. जिल्हा शल्यचिकित्सकांनी फक्त परवानगीचे पत्र द्यावे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, परभणी