बंटीची खोली

मँचेस्टर, १८ एप्रिल २०२१

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न.

घरात चार माणसं असताना बंटीला एकटं कसं वाटतं, हा वहिनीचा प्रश्न रास्त आहे. पण या वयाला घरच्यांची सोबत पुरत नाही. कोरोनामुळे टपरीवर मित्रांसोबत काही न बोलता नुसतं बसणं बंद झालंय, त्याची भरपाई आईबापांना जमत नाही. इथे गेल्या सप्टेंबरात एका विद्यापीठाच्या सुमारे १,७०० मुलांना १४ दिवस वसतिगृहातच थांबवलं, तेव्हा शेजारच्या खोल्यांत वर्गमित्र असूनही पोरं कासावीस झाली.

आधी झोप. त्याच्या खोलीची एकुलती खिडकी कूलरने अडवली आहे आणि दारावर पडदा. उजेडच दिसत नाही, म्हणून शरीराचं घड्याळ मागे सरकतं. रात्री तीनला झोप, आणि सकाळच्या ऑनलाइन वर्गाची हजेरी अंथरुणातूनच. झोपण्याच्या वेळेवरून वाद घालू नका, फक्त उठण्याची वेळ धरा. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. एकदम चार तास ओढलं की पोरगा दुपारी तीन तास झोपतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! उठल्यावर वीस मिनिटं गच्चीवर, ऊन तापायच्या आत. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीही हॉलमधल्या दिवाणावर.

मित्रांचा व्हिडिओ कॉल पंधरा जणांचा नको. एक बोलतो, बाकीचे कॅमेरा बंद करून बसतात आणि कॉल संपल्यावर जास्तच भकास वाटतं. दोघं-तिघं पुरे. फोन वहीकडे तोंड करून टेकवायचा, माइक बंद, पन्नास मिनिटं आपापला अभ्यास, दहा मिनिटं गप्पा. रोज ठरलेल्या वेळी. बोलायचं ओझं नसतं, म्हणून हे टिकतं. वहिनी, तेवढा वेळ दारातून डोकावू नकोस गं.

घरातलं एखादं खरं काम त्याच्यावर सोपवा. दादा, तुझ्या लशीची नोंदणी अजून व्हायचीच आहे ना? त्याला करू दे.

दोन आठवडे जेवण तुटलं, आंघोळ टाळली, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, तर वाट पाहू नका. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात ठेवा आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची ‘किरण’ हेल्पलाइन २४ तास आहे, मराठीतही बोलतात: १८००-५९९-००१९. [हा २०२१ मधला नंबर; आता सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे: १४४१६.] नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा.

तुमची,
माई