टेरन्स डिक्स यांना, एका पूर्वकथेबद्दल

टेरन्स डिक्स यांस,
सादर नमस्कार.

तुम्ही २०१९ मध्ये गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे ठाऊक आहे, पण 'द ऑटन इन्व्हेजन' परत एकदा वाचून संपवली आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

ही कादंबरी १९७४ची, आणि ती ज्यावर बेतली ती बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथा मालिकेतली कथा १९७०ची. पडद्यावर ती उल्कावर्षावाने सुरू होते आणि निळ्या पेटीतून एक अनोळखी माणूस, म्हणजे मालिकेचा नायक डॉक्टर, बाहेर कोसळतो. तो कोण, त्याचा चेहरा का बदलला, तो पृथ्वीवरच का अडकला, याची उत्तरं आदल्या वर्षीच्या दहा भागांच्या कथेत होती. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते, जुने भाग क्वचितच पुन्हा लागत. ज्याचं ते पाहायचं राहिलं, त्याचं राहिलंच. तुम्ही पुस्तकाच्या सुरुवातीला छोटीशी पूर्वकथा जोडलीत. डॉक्टरवरचा खटला, हद्दपारी, नवं रूप, सगळं तिथेच कळतं. मालिका मध्येच धरणाऱ्याला तुम्ही ताटकळत ठेवलं नाहीत. ज्यांच्या घरी ही मालिका कधी लागलीच नाही, अशा मराठी वाचकालाही तेवढी पानं पुरतात. त्याबद्दल तुमचे सर्वांत जास्त आभार.

पटकथेची कादंबरी करताना बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. संवाद जसेच्या तसे उतरवले जातात, पण नटाचा चेहरा आणि संगीत कागदावर येत नाही, म्हणून प्रसंग कोरडे पडतात. तुम्ही जिथे पडदा कमी पडला तिथे शब्द खर्च केलेत. दुकानांतले प्लास्टिकचे पुतळे, म्हणजेच ऑटन, जिवंत होऊन रस्त्यावर येतात, तेव्हा मालिकेत काच फुटल्याचा नुसता आवाज येतो, कारण ती फोडून दाखवायला पैसे नव्हते. पुस्तकात ती काच खरोखर फुटते. शेवटचा राक्षस पडद्यावर नुसत्या रबरी शुंडांवर भागवलेला, तुमच्याकडे कोळी, खेकडा आणि अष्टपाद एकत्र झाल्यासारखा अक्राळविक्राळ. आणि हे सगळं छोट्या, सरळ वाक्यांत. मुलांसाठी लिहिताना त्यांना कमी समजणारे पुष्कळ असतात, तुम्ही तसं एका ओळीतही केलं नाहीत.

बीबीसीबद्दल मात्र राग येतो. टेप महाग, पुन्हा दाखवण्याचे हक्क मर्यादित, म्हणून त्यांनी जुने भाग पुसून टाकले. १९६७ची 'द अबॉमिनेबल स्नोमेन' सहा भागांची, त्यातला फक्त दुसरा भाग उरला. तिबेटातला तो मठ, बर्फातले यती, हे सबंध कित्येक वर्षं लोकांपाशी राहिलं ते तुमच्या १९७४च्या पुस्तकात. साठाहून अधिक कथा तुम्ही अशा कागदावर आणल्यात.

नव्या वाचकाच्या हाती मी 'ऑटन'च देतो, आणि पूर्वकथा गाळू नकोस म्हणून बजावतो.

तुमचा कृतज्ञ,
एक वाचक